वाचकांचे प्रश्न : गव्हाच्या दाण्यातील जस्त आणि उभ्या पिकावरील फवारणी

मागील अंकात सूक्ष्म अन्नद्रव्यांवरील टिपणात आम्ही एक वाक्य लिहिले होते : गव्हाच्या उभ्या पिकावर योग्य वेळी जस्ताची फवारणी केली, तर दाण्यातील जस्ताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकते. त्या एका वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. गव्हाचे शेत ज्यांच्या दृष्टीस वर्षातून एकदाच पडते, अशा वाचकांना या विषयाची एवढी ओढ का, हे पहिल्याच पत्रावरून ध्यानात येईल.

प्रश्न : आमचे मूळ गाव निफाड तालुक्यात आहे. मी कोपरखैरण्यात राहतो. शेती थोरले बंधू पाहतात. दर वर्षी चैत्रात गावाहून घरच्या गव्हाची पोती येतात आणि वर्षभर आम्ही तोच गहू खातो. दादांचे म्हणणे असे की ते पेरणीच्या वेळी एकरी दहा किलो झिंक सल्फेट जमिनीत देतातच, मग वरून फवारणी कशाला? आपण लिहिले ते खरे असेल, तर किती, केव्हा आणि कसे फवारावे, हे त्यांना वाचून दाखवता येईल असे सांगावे.

उत्तर : आपले बंधू करतात ते चुकीचे नाही, पण त्यांचा हेतू आणि आपला हेतू यांत फरक आहे. जमिनीत दिलेले झिंक सल्फेट पिकाची उपासमार टाळते. ज्या जमिनीत उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे, तेथे ते दिल्याने पिवळेपणा जातो, फुटवे सुधारतात, उतारा (एकरी उत्पादन) वाढतो. दाण्यातील जस्त मात्र त्याने फारसे वाढत नाही. याचे कारण गोदाकाठच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत आहे. अशा जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि सामू एका अंकाने वाढला की मातीच्या द्रावणातील विरघळलेले जस्त साधारण शंभर पटींनी घटते. दिलेल्या जस्ताचा मोठा भाग चुनखडीला आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतो, आणि दाणा भरण्याच्या ऐन दिवसांत वरचा थर सुकला की मुळांना उरलेलेही ओढता येत नाही.

पानावर फवारलेले जस्त हा सगळा वळसा टाळते. ते पानाच्या त्वचेतून आत शिरते आणि ज्या अन्नरसातून साखर दाण्याकडे जाते, त्याच रसातून ओंबीत पोहोचते. भारत, चीन, पाकिस्तान, तुर्कस्तान, कझाकस्तान, मेक्सिको आणि झांबिया अशा सात देशांत मिळून झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालेत, जस्त न दिलेल्या गव्हात किलोमागे सरासरी २७ मिलिग्रॅम जस्त होते, तर पानांवर फवारणी केलेल्या गव्हात ते ४८ मिलिग्रॅम भरले. जमिनीतून आणि पानांवरून अशा दोन्ही मार्गांनी दिले, तेव्हा ते ४९ झाले, म्हणजे जमिनीतल्या मात्रेने दाण्यात घातलेली भर नगण्य होती. या कामामागे तुर्कस्तानातील इस्माईल चकमक या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मध्य अनातोलियाच्या चुनखडीच्या पठारावर गव्हाचे पीक जस्ताअभावी खुरटते, हे त्यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिले आणि तेथूनच हा विषय पुढे वाढला.

आता कृती. फवारणी दोनदा करावी. पहिली पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या फुगीर आवरणातून, ओंबी डोकावू लागते तेव्हा, आणि दुसरी दाणा चिकात असताना, म्हणजे दाणा चिमटीत दाबला असता पांढरा दुधासारखा चीक बाहेर येतो तेव्हा. पेरणी दहा नोव्हेंबरच्या सुमारास झाली असेल, तर पहिली फवारणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरी त्याच महिन्याच्या अखेरीस येईल. तरीही दिनदर्शिकेपेक्षा ओंबीवर भरवसा ठेवावा, कारण थंडी कमी-अधिक झाली की पाच-सहा दिवसांचा फरक सहज पडतो. दोहोंपैकी एकच फवारणी शक्य असेल, तर चिकातली करावी. फुटव्यांच्या अवस्थेत केलेल्या फवारणीने पीक हिरवे दिसेल, दाण्यात मात्र फार उतरणार नाही.

प्रमाण अर्धा टक्का ठेवावे, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. एकरी सुमारे २५० लिटर पाणी धरले, तर एका फवारणीला सव्वा किलो झिंक सल्फेट लागते. हे प्रमाण २१ टक्के जस्त असलेल्या, स्फटिकरूप हेप्टाहायड्रेट प्रकाराचे आहे. बाजारात ३३ टक्के जस्ताचा, भुकटीसारखा मोनोहायड्रेट प्रकारही मिळतो. तो वापरायचा असेल, तर लिटरला सव्वातीन ग्रॅम पुरे होतात. पिशवीवरची टक्केवारी न वाचता मापे टाकणारे पुष्कळ आहेत आणि पानांची टोके करपल्याच्या तक्रारी बहुधा तेथूनच येतात. फवारणी ऊन उतरल्यावर, वारा नसताना करावी, आणि आधी एक-दोन ओळींवर करून दोन दिवस पाहावे. जुन्या शिफारशींत झिंक सल्फेटच्या निम्मा चुना मिसळण्यास सांगितले आहे. तो करपणे टाळण्यासाठी असतो. अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाने संध्याकाळी फवारले, तर सहसा त्याची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र दादांना मोठ्याने वाचून दाखवावी. आपल्याकडे गव्हावर पंचावन्न ते सत्तर दिवसांच्या दरम्यान १९:१९:१९ या विद्राव्य खताची दोन टक्के फवारणी करण्याची पद्धत आहे, आणि मजुरी वाचावी म्हणून त्याच टाकीत झिंक सल्फेट ओतण्याचा मोह होतो. तसे अजिबात करू नये. १९:१९:१९ मधील स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त एकत्र आले की झिंक फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. नोझल तुंबते ते वेगळेच, पण पानाला ना स्फुरद मिळते ना जस्त. डीएपी या स्फुरदाच्या खताच्या द्रावणाचेही तसेच. युरिया मात्र चालतो. दोन टक्के युरिया सोबत असला, तर जस्त आत शिरण्यास मदतच होते, शिवाय नत्र (नायट्रोजन) पुरेसे मिळालेल्या गव्हात प्रथिने आणि जस्त दोन्ही जोडीने वाढतात. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक मिसळायचे असेल, तर आधी काचेच्या बरणीत थोडे मिसळून अर्धा तास ठेवून पाहावे.

ज्या रसायनाने टाकीतले खत वाया जाते, त्याच रसायनाचा एक उपयोगही आहे. झिंक सल्फेटमध्ये स्वस्त मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते आणि दोन्ही पांढऱ्या स्फटिकांत नजरेला फरक दिसत नाही. थोडे झिंक सल्फेट पाण्यात विरघळवून त्यात डीएपीचे निवळ द्रावण घालावे. दाट, दह्यासारखा साका आला, तर माल जस्ताचा. द्रावण तसेच राहिले, तर दुकानदाराकडे परत जावे.

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहते. आम्ही गहू निवडून, काही वेळा धुऊन वाळवून गिरणीत देतो, आणि घरी पीठ चाळून कोंडा बाजूला काढतो. फवारलेले औषध धुतल्यावर निघून जाईल की नाही? आणि न गेल्यास ते पोळीत येते, हे चांगले की वाईट? पोळीचा रंग, चव बदलेल का?

उत्तर : चव आणि रंग बदलत नाहीत, किलोभर गव्हात वीस मिलिग्रॅमची भर जिभेला कळणारी नव्हे. धुण्याचा प्रश्न आपण औषधाच्या कल्पनेतून विचारला आहे, आणि तो रास्त आहे, पण येथे वेगळे घडते. फवारणीच्या वेळी दाणा तुसात झाकलेला असतो, त्यामुळे जस्त त्याच्या पृष्ठभागावर बसत नाही. ते पानातून रसावाटे दाण्याच्या आत साठते. पाण्याने धुतल्यावर ते जात नाही.

जाते ते चाळणीतून. जस्ताचा सर्वांत दाट साठा दाण्याच्या अंकुरात आणि कोंड्याखालच्या पातळ थरात असतो, तर मधल्या पांढऱ्या पिठुळ भागात ते बरेच कमी असते. म्हणून मैद्यात मूळ गव्हातील बहुतेक जस्त उरत नाही. गिरणीचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईला किंवा कुंड्यांना घातला, तर जस्ताचा मोठा वाटाही त्यांनाच जातो. फवारणीने पिठुळ भागातील जस्तही काही प्रमाणात वाढते, हा तिचा एक गुण. तरीही पोळीसाठी पीठ न चाळता किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून वापरणे हाच मार्ग.

आता गंमत अशी की ज्या कोंड्यात जस्त आहे, त्याच कोंड्यात ते अडवून धरणारे फायटेटही आहे. फायटेट हे दाण्यातील स्फुरदाचे कोठार. ते आतड्यात जस्ताला बांधून ठेवते आणि शरीरात शोषले जाऊ देत नाही. मानवातील जस्ताच्या कमतरतेचा शोधच मुळी पोळीच्या ताटाजवळ लागला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमधील शिराझ येथे असे तरुण रुग्ण आढळले की ज्यांची उंची लहान मुलांएवढी राहिली होती, वयात येण्याची लक्षणे नव्हती आणि ज्यांचे जेवण मुख्यतः न आंबवलेल्या, सालीसकट गव्हाच्या रोटीचे होते. १९६१ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९६३ पर्यंत इजिप्तमधील रुग्णांवरून जस्ताचा अभाव हे कारण सिद्ध केले. पोटभर पोळी खाऊनही जस्ताची उपासमार होऊ शकते, ही कल्पना तोवर वैद्यकाला नवी होती.

फवारणीचा खरा लाभ येथे दिसतो. तिने जस्त वाढते, फायटेट वाढत नाही. गव्हात किलोमागे सुमारे ९ ग्रॅम फायटेट धरले, तर २५ मिलिग्रॅम जस्त असलेल्या गव्हात जस्ताच्या एका अणूमागे फायटेटचे सुमारे ३६ रेणू पडतात. जस्त ४५ मिलिग्रॅम झाले की तेच प्रमाण २० वर येते. पंधराच्या वर शोषण कमी समजले जाते, तेव्हा वीस म्हणजे अजून पूर्ण सुटका नव्हे. उरलेले काम ताटातल्या इतर पदार्थांनी करायचे असते. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ या दृष्टीने उत्तम, कारण मोड येताना कडधान्यातील फायटेट तुटू लागते. मांसाहारी घरात मटण किंवा मासे पोळीतील जस्तही शोषून घ्यायला मदत करतात. आंबवलेल्या पिठाच्या पावात फायटेट कमी होते, पण म्हणून रोज पाव खा, असे आम्ही सांगणार नाही.

प्रश्न : ऐरोलीचा एक निवृत्त रसायनतज्ज्ञ. पत्र्याला मुलामा देण्याचा धातू अन्नात वाढवणे हे मला खटकते. फवारलेले सर्व जस्त दाण्यात जाते का? अतिरेक होणार नाही का?

उत्तर : आकडे मांडले की शंका आपोआप लहान होते. एकरी दोन फवारण्यांत अडीच किलो झिंक सल्फेट, म्हणजे सुमारे ५२५ ग्रॅम जस्त गेले. एकरी पंधरा क्विंटल उतारा आणि किलोमागे २० मिलिग्रॅम वाढ धरली, तर दाण्यात ३० ग्रॅम जादा जस्त पोहोचले. फवारलेल्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी. उरलेले काडात आणि जमिनीत राहते, आणि ते पेरणीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या दहा किलोतील २.१ किलो जस्ताच्या पाव भागाइतके आहे.

माणसाच्या बाजूनेही पाहू. दिवसाला १५० ग्रॅम कणीक खाणाऱ्यास साध्या गव्हातून पावणेचार मिलिग्रॅम जस्त मिळत असेल, तर फवारलेल्या गव्हातून पावणेसात मिळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेली दैनंदिन गरज प्रौढ पुरुषास १७ आणि स्त्रीस १३.२ मिलिग्रॅम आहे. दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची सुरक्षित मर्यादा मानली जाते. केवळ अशा पोळ्यांनी ती ओलांडायची, तर माणसाने एका दिवसात जवळजवळ तीस पोळ्या खाव्या लागतील. शरीरात मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते, पण लोह जसे यकृतात साठून राहते तसा जस्ताचा राखीव साठा नसतो, म्हणून ते रोज थोडे थोडे मिळत राहणे महत्त्वाचे. बाळाला जुलाब झाले की डॉक्टर जलसंजीवनीबरोबर चौदा दिवस झिंकची गोळी देतात, ती याच धातूची.

आपण रसायनतज्ज्ञ असल्याने आपली खरी काळजी बहुधा अशुद्धींची असावी, आणि तेथे आम्ही आपल्याशी सहमत आहोत. जस्ताच्या खनिजात कॅडमियम आणि शिसे सोबत येतात. खत नियंत्रण आदेशाने झिंक सल्फेटमधील शिसे, कॅडमियम आणि अर्सेनिक यांच्या कमाल मर्यादा ठरवून दिल्या आहेत. त्यामुळे पावती न देणाऱ्याकडचा सुटा, बिनछापाचा माल पानावर फवारण्यासाठी घेऊ नये.

प्रश्न : वाशीच्या दाणाबंदरात माझा गव्हाचा व्यवसाय आहे. लोकवन, सिहोर यांच्या जोडीला ‘जस्तयुक्त गहू’ म्हणून असा माल वेगळ्या भावाने विकता येईल का? तो ओळखायचा कसा?

उत्तर : डोळ्यांनी ओळखता येणार नाही, आणि सगळी अडचण तेथेच आहे. चमक, दाण्याचा आकार, ओलावा, खडे यांवर भाव ठरतो. जस्त यांपैकी कशातही दिसत नाही. ज्या जमिनीत जस्ताची मोठी उणीव नाही, तेथे या फवारणीने उताराही फारसा वाढत नाही. म्हणजे खर्च आणि दोन संध्याकाळच्या मजुरीचा भार शेतकऱ्यावर, तर लाभ खाणाऱ्याच्या शरीरात. बाजार हा हिशेब जुळवून देईपर्यंत विक्रीसाठी गहू करणारा शेतकरी ही फवारणी का करील, याचे उत्तर आमच्याकडे नाही. खरे तर आजच्या घडीला ती ज्यांच्या हिताची आहे, ती पहिल्या पत्रलेखकासारखी कुटुंबे : पिकवणारा भाऊ गावात, खाणारा भाऊ खाडीच्या या बाजूला, आणि मधे व्यापारी नाही. (हे आपल्याला रुचणार नाही, याची जाणीव आहे.)

तरीही व्यवहार करायचाच असेल, तर ठरावीक शेतकऱ्यांशी आधी बोलणी करून, मालाच्या प्रत्येक लॉटचे मान्यताप्राप्त अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत पृथक्करण करून घ्यावे. नमुना बऱ्याच पोत्यांतून थोडा थोडा काढावा आणि तो प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीतच पाठवावा. मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यातून किंवा कोठीतून काढलेला नमुना जस्ताचा खोटा आकडा देऊ शकतो. याखेरीज पिठात वरून पोषकद्रव्ये मिसळण्याचा मार्ग वेगळा आहे. ‘अधिक एफ’ चिन्हाच्या कणकेत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले असते, आणि त्यात जस्त घालणे ऐच्छिक आहे. फवारलेल्या गव्हाच्या पिठाला ते चिन्ह लावता येत नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्ता, ठाणे. फवारणीची कटकट नको असेल, तर मुळातच जस्त अधिक असलेले वाण नाही का? आणि आमच्या आजोबांच्या वेळचा गहू अधिक कसदार होता, हे खरे का?

उत्तर : आजोबांच्या बाबतीत थोडे तथ्य आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगातील जुने नमुने जपून ठेवले आहेत. त्यांच्या तपासणीत असे दिसले की साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातील जस्त जवळजवळ स्थिर होते आणि बुटके, भरघोस उताऱ्याचे वाण आल्यावर ते घटले. जमीन गरीब झाली नव्हती. तेवढेच जस्त अधिक पिठात वाटले गेले.

वाण आहेत. कर्नालच्या संस्थेचा डब्ल्यूबी ०२ हा ४२ मिलिग्रॅम जस्ताचा आहे, पण तो उत्तरेच्या हवामानाचा. आपल्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी प्रकारचा वाण महाराष्ट्र आणि कर्नाटकातील जिरायती शेतीसाठी आहे, आणि त्यात जस्त ४०.३ मिलिग्रॅम आहे. पोळीपेक्षा रवा-शेवयांसाठी त्याची ख्याती अधिक. वाण आणि फवारणी यांत निवड करण्याची गरज नाही, कारण जस्त खेचण्याची शक्ती असलेल्या वाणालाही चुनखडीच्या जमिनीत खेचायला जस्त मिळावे लागतेच.

प्रश्न : मुरबाड, जि. ठाणे. आमच्याकडे गहू नाही, भात आहे. हीच फवारणी भातावर चालेल का?

उत्तर : चालेल, पण अपेक्षा कमी ठेवावी. भातात फवारलेल्या जस्ताचा बराच भाग कोंड्यातच थांबतो आणि सडून पांढरा केलेल्या तांदळात वाढ थोडी दिसते. उकडा किंवा कमी सडीचा तांदूळ घरी खात असाल, तर लाभ अधिक. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेच्या डीआरआर धान ४५ या वाणात सडलेल्या तांदळातही २२.६ मिलिग्रॅम जस्त असते. आपल्या खाचरात तो कसा येतो, हे पुढच्या खरिपात दोन-तीन गुंठ्यांवर लावून पाहावे. गव्हाच्या दाण्याप्रमाणेच येथेही फवारणी फुलोऱ्यानंतर, दाणा चिकात असताना करावी, आणि तोवर परतीचा पाऊस थांबला आहे ना, एवढे पाहून पंप पाठीवर घ्यावा.